ऑइल बदलल्यावर न विझलेला लाल दिवा

मोटारसायकलचे इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलण्याचे काम मी बरीच वर्षे स्वतःच करत आलो आहे. त्या वेळीही ते नेहमीसारखेच पार पडले होते. जुने ऑइल काढले, फिल्टर बदलला, ड्रेन बोल्टला नवा वॉशर घातला, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या मापाचे ऑइल ओतले, हात पुसले आणि सेल्फ मारला. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झाले. मीटरवरचा ऑइल कॅनचे चित्र असलेला लाल दिवा मात्र विझला नाही.

एरवी हा दिवा सेकंदभरात विझतो. फिल्टर बदलल्यानंतर पहिल्यांदा इंजिन सुरू करताना नव्या फिल्टरमध्ये ऑइल भरेपर्यंत दोन-तीन सेकंद जातात, हे मला माहीत होते. म्हणून मी मनात आकडे मोजत थांबलो. पाचपर्यंत पोचलो तरी दिवा तसाच होता, तेव्हा किल स्विच दाबून इंजिन बंद केले. रेस वाढवून पाहण्याचा मोह त्या क्षणी होतो, कारण दाब रेसबरोबर वाढतो हे आपल्या डोक्यात असते. पण ऑइल पोचतच नसेल तर रेस वाढवल्याने फिरत्या दांड्यांना आधार देणारी बेअरिंग कोरडीच राहतात आणि तेवढी अधिक वेगाने घासली जातात. मी रेस दिली नाही, आणि त्या दिवशी माझ्या हातून घडलेली बरोबर गोष्ट बहुधा ती एवढीच होती.

माझी गाडी चार सिलिंडरची आहे आणि तिच्या क्रँकशाफ्टला, म्हणजे पिस्टनांच्या जोरावर फिरणाऱ्या इंजिनच्या मुख्य दांड्याला, साधी, म्हणजे गोळ्या किंवा रोलर नसलेली बेअरिंग आहेत. अशा बेअरिंगमध्ये शाफ्ट आणि बेअरिंगचा पत्रा यांच्यात साधारण ०.०२ ते ०.०६ मिलिमीटर एवढीच फट असते, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. शाफ्ट फिरू लागला की त्या फटीतले ऑइल त्याच्याबरोबर ओढले जाते, पाचरीसारखे खाली शिरते आणि शाफ्टला अधांतरी उचलून धरते. पंपाच्या दाबाचे काम शाफ्ट उचलण्याचे नसून त्या फटीतून सतत बाहेर पडणाऱ्या ऑइलची भरपाई करण्याचे असते. ही भरपाई थांबली की उरलेला थर काही काळ साथ देतो आणि मग धातू धातूवर येतो. रोलर बेअरिंगच्या अनेक लहान सिंगल सिलिंडर गाड्यांना मुळात फार कमी दाब पुरतो आणि त्यांतल्या बहुतेकांना हा दिवाही नसतो. काही गाड्यांवर अशाच चित्राचा दिवा असतो, पण तो दाबाचा नसून ऑइलच्या पातळीचा असतो. आपल्या गाडीवरचा दिवा यांपैकी कोणता, हे मॅन्युअलमध्ये एकदा तरी वाचून ठेवावे, कारण दोन्हींचा अर्थ वेगळा आणि दोन्हींवर करायची घाईही वेगळी.

दाबाच्या दिव्यामागची रचना फार साधी आहे. इंजिनच्या ऑइलच्या वाटेवर एक छोटा स्विच बसवलेला असतो. त्याच्या आत एक पातळ पडदा आणि एक स्प्रिंग असते. दाब नसताना आतला संपर्क जोडलेला असतो आणि दिव्याकडून आलेल्या तारेला इंजिनच्या धातूतून अर्थिंग मिळते, म्हणून नुसती चावी फिरवल्यावर दिवा लागतो. दाब साधारण ०.२ ते ०.५ बारच्या (एक बार म्हणजे जवळजवळ हवेच्या दाबाइतका) वर गेला की पडदा सरकतो, संपर्क तुटतो आणि दिवा विझतो. याचाच दुसरा अर्थ असा की दिवा विझलेला असणे ही दाब पुरेसा असल्याची ग्वाही नव्हे. ५००० आरपीएमला जिथे चार-पाच बार दाब हवा तिथे एकच बार भरत असेल, तरी दिवा बिचारा विझलेलाच राहील. तो लागतो तेव्हा मात्र एक तर दाब जवळजवळ शून्यावर आलेला असतो, किंवा दाब ठीक असून स्विच वा तार बिघडलेली असते. या दोन शक्यतांमधला फरक दिव्याकडे कितीही वेळ पाहिले तरी कळत नाही.

मी आधी सोप्या गोष्टी तपासल्या. गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करून काचेच्या खिडकीतून ऑइलची पातळी पाहिली. ती दोन खुणांच्या मध्ये होती. खाली कुठे गळती नव्हती. जुन्या फिल्टरचे रबर इंजिनलाच चिकटून राहिले आणि त्यावर नवा फिल्टर चढवला गेला तर दोन रबरे एकावर एक बसून ऑइल भसाभसा बाहेर येते. तसे काही झालेले नव्हते, कारण काढलेल्या जुन्या फिल्टरवर त्याचे रबर जागच्या जागी दिसत होते. याच कामात मी पुढच्या स्प्रॉकेटचे कव्हर काढून आतली घाण साफ केली होती आणि स्विचची तार तिथूनच जाते, म्हणून ती कव्हरखाली चिरडली गेली असेल अशी एक आशा मनात होती. स्विचवरची रबरी टोपी मागे सारून तार काढली आणि चावी फिरवली. दिवा विझला. म्हणजे तार वाटेत कुठेही इंजिनला टेकत नव्हती. स्विचच दिव्याला अर्थिंग देत होता. उरल्या दोन शक्यता: स्विच खराब, किंवा दाब खरोखरच नाही.

या टप्प्यावर मी एका अनुभवी मेकॅनिकांना फोन केला. त्यांचे उत्तर लगेच आले: ‘अहो, सर्व्हिसिंगनंतर असं होतं कधीकधी. सेन्सर गेला असेल. थोडी चालवा, आपोआप जाईल दिवा.’ त्यांच्या सल्ल्यामागे त्यांचे अनुभव असतील, आणि असे स्विच खराब होतात हेही खरे आहे. पण काल संध्याकाळपर्यंत बिनतक्रार चाललेला स्विच नेमका ऑइल बदलल्याच्या तासाला मरावा, हा योगायोग माझ्या गळी उतरेना. ज्या वस्तूला आपला हात लागला तिच्यावर आधी संशय घ्यावा, असे मला वाटते. मी हात लावला होता तो ऑइलला आणि फिल्टरला.

म्हणून नवा फिल्टर पुन्हा काढायला घेतला. खाली भांडे धरले होते, कारण भरलेला फिल्टर काढताना ऑइल सांडणारच. फिल्टर हळूहळू फिरवत सैल केला, शेवटचा आटा सुटला, आणि भांड्यात एक थेंबही पडला नाही. फिल्टर हातात आला तो दुकानातून आणला होता तेवढाच हलका. भोकातून टॉर्च मारून पाहिले तर आतला कागद कोरडा होता, मूळचा फिकट पिवळा रंग तसाच. रबराला मी बसवताना लावलेला ऑइलचा हात तेवढा चमकत होता. तो कोरडा कागद पाहताना माझ्या पोटात खड्डा पडला. पंपाने पाच सेकंदांत काहीही पाठवलेले नव्हते. दिवा खरे सांगत होता.

असे का झाले, हे शोधायला फार लांब जावे लागले नाही. जुन्या ऑइलचा शेवटचा थेंबही निघावा म्हणून या वेळी मी ड्रेन बोल्ट आणि फिल्टर दोन्ही काढून गाडी रात्रभर तशीच ठेवली होती. मॅन्युअलमध्ये ऑइल निथळायला काही मिनिटे द्यायला सांगितले आहे. रात्रभर ठेवणे ही माझीच जास्तीची हौस. फिल्टरची जागा उघडी राहिल्याने वरून हवा शिरली आणि पंपात एरवी साठून राहणारे ऑइलही खाली उतरून गेले. या गाड्यांमधला पंप ट्रोकॉइड प्रकारचा असतो. आत एक पाकळ्यांचा रोटर, त्याच्याभोवती एक पाकळी जास्त असलेला दुसरा रोटर, आणि दोघांच्या मधल्या कमी-जास्त होणाऱ्या पोकळीतून ऑइल ढकलले जाते. रोटरांमधल्या बारीक फटी ऑइलनेच बुजलेल्या असतात. त्या कोरड्या पडल्या की पंप हवाच आतल्या आत फिरवत राहतो आणि खालून ऑइल ओढून घेण्याइतका जोर त्याला येत नाही. विहिरीवरच्या कोरड्या पडलेल्या पंपात आधी पाणी ओतावे लागते, तोच हा प्रकार.

उपायही तोच. फिल्टर जिथे बसतो तिथे मधोमध आट्यांची पोकळ नळी असते, आणि तिच्यातून गाळलेले ऑइल इंजिनकडे जाते. तिच्या भोवतालच्या खाचेतल्या भोकातून पंपाकडचे ऑइल फिल्टरमध्ये येते. मोठ्या सिरिंजला बारीक नळी लावून मी त्या बाहेरच्या भोकात स्वच्छ ऑइल थोडे थोडे सोडले. पहिले काही थेंब गुळगुळ आवाज करत आत गेले, मग हवेचे बुडबुडे वर आले, आणि काही वेळाने ऑइल भोकाच्या काठाशी येऊन थांबले. नव्या फिल्टरमध्येही ऑइल ओतले, कागदाला ते शोषू दिले आणि पुन्हा ओतले. फिल्टर आडवा बसत असल्याने तो काठोकाठ भरता येत नाही, पण अर्धा भरलेलाही कोरड्यापेक्षा पुष्कळ बरा.

पुढे इंजिन पेटू न देता फिरवायचे होते. माझ्या गाडीत किल स्विच बंद असताना सेल्फही फिरत नाही, त्यामुळे फ्युएल पंपाचा आणि इग्निशन कॉइलचे कनेक्टर काढले आणि चारही स्पार्क प्लग बाहेर काढून ठेवले. प्लग काढल्याने कॉम्प्रेशनचा भार जातो, सेल्फ हलका फिरतो आणि बेअरिंगवरही जवळजवळ ताण येत नाही. त्याआधी हेडकडे, म्हणजे सिलिंडरांच्या वरच्या भागाकडे, जाणाऱ्या ऑइलच्या वाटेवरचा एक बोल्ट दोन आटे सैल करून खाली फडके धरले होते, म्हणजे ऑइल तिथवर पोचले की डोळ्यांना दिसावे. आठ-दहा सेकंद सेल्फ फिरवायचा आणि तो थंड व्हायला मिनिटभर थांबायचे, असे ठरवले. पहिल्या खेपेला काही नाही. दुसऱ्या खेपेच्या शेवटी बोल्टच्या डोक्याखाली एक बुडबुडा फुगला आणि फुटला. तिसऱ्या खेपेला त्याच्या मागोमाग मधासारख्या रंगाची बारीक धार आली आणि फडके भिजले. बोल्ट आवळला, पुन्हा सेल्फ मारला, आणि इंजिन पेटलेले नसतानाच लाल दिवा विझला. सगळे परत जोडून गाडी सुरू केली तेव्हा दिवा पुरते दोन सेकंदही राहिला नाही. मिनिटभर चालवून, बंद करून, तीन मिनिटे थांबून पातळी पुन्हा पाहिली आणि थोडी भर घातली.

प्रकरण इथेच संपले असते तर मी हे एवढे सविस्तर लिहिले नसते.

चौथ्या दिवशी दीड तास गाडी चालवून झाली होती आणि शेवटचा बराच भाग गर्दीतला होता. इंजिन चांगलेच तापले होते. एका चौकात थांबलो, आयडलिंग १२०० आरपीएमच्या आसपास आले, आणि तोच लाल दिवा फडफडू लागला. किंचित रेस दिली की १४०० ला तो नाहीसा होई, सोडली की पुन्हा फडफड. इंजिन बंद केले आणि गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून घरी आणली. त्या रात्री मला झोप लागली नाही. ते पाच सेकंद माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते. गरम झाल्यावर, कमी आरपीएमला दाब पडणे हे झिजलेल्या बेअरिंगचे ठळक लक्षण आहे: फटी वाढल्या की ऑइल लवकर निसटते, तापून पातळ झाले की आणखी लवकर, आणि मंद फिरणाऱ्या पंपाला ती भरपाई झेपत नाही. आता ज्यांना विचारले त्या दुसऱ्या परिचितांनी तर ठामपणे सांगितले की इंजिन उघडावेच लागेल. मलाही मनातून तसेच वाटत होते.

पण उघडण्याआधी मोजायचे ठरवले. स्विच काढून त्याच जागी प्रेशर गेज बसवता येते. माझ्या इंजिनवर त्या जागेचे आटे १/८ इंची टेपर होते, त्याला जुळणारा अ‍ॅडॉप्टर, गरम ऑइल सोसणारा होज आणि ० ते १० बारचे गेज एवढे साहित्य लागले. होज सायलेन्सरच्या पाइपपासून लांब बांधला, कारण दाबाखालचे ऑइल तापलेल्या पाइपवर पडले तर पेट घेऊ शकते. थंड इंजिन सुरू करताच काटा चार बारच्या पुढे गेला, आणि रेस दिल्यावर साडेपाचला जाऊन अडला. तिथे रिलीफ व्हॉल्व्ह उघडून जास्तीचे ऑइल परत सोडून देतो. थंड इंजिनवरचे हे आकडे मन सुखावतात, पण त्यांवरून काहीच ठरत नाही. गाडी पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत तापवली. आता १२०० आरपीएमला काटा १.१ वर थरथरत होता. ३००० ला ३.१. ५००० ला ४.६, आणि मॅन्युअलमधली किमान मर्यादा याच्या बरीच खाली होती. मी तीनदा तपासून पाहिले. तिन्ही वेळा आकडे तेच.

म्हणजे गरम आयडलिंगला १.१ बार दाब असताना ०.३ च्या आसपास विझायला हवा असलेला दिवा फडफडत होता. आता संशय स्विचवर घेणे रास्त होते, पण तोही मोजूनच. स्विच टी-जोडाने त्याच गेजला जोडला, दुसऱ्या तोंडाला सायकलचा पंप लावला आणि संपर्क जुळलेला असेपर्यंत बीप देणाऱ्या मल्टिमीटरची एक वायर स्विचच्या टोकाला, दुसरी त्याच्या अंगाला लावली. पंप हळूहळू दाबत गेलो. ०.३ ला बीप चालूच. ०.५, ०.८, तरीही चालूच. १.२ ला ती थांबली. हवा सोडत आणल्यावर १.१ ला पुन्हा सुरू झाली. इतक्या वर्षांच्या उष्णतेने स्विचच्या आतले काहीतरी थकले होते आणि तो आता चौपट दाब मागत होता.

मग तो याआधी कधीच का फडफडला नाही, हा प्रश्न मला दोन दिवस छळत राहिला, कारण त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय माझा त्या आकड्यांवर पूर्ण विश्वास बसणार नव्हता. उत्तर ऑइलच्या जुन्या डब्यावर होते. मागच्या वेळी मी २० डब्ल्यू ५० ऑइल घातले होते, या वेळी मॅन्युअलने पहिली पसंती दिलेले १० डब्ल्यू ४०. यातला शेवटचा आकडा गरम ऑइलच्या दाटपणाची ग्रेड सांगतो. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या वर्गवारीत ५० ग्रेडच्या ऑइलचा दाटपणा १०० अंश सेल्सिअसला १६.३ ते २१.९ सेंटीस्टोक असतो, ४० ग्रेडचा १२.५ ते १६.३. दाट ऑइल त्याच फटींतून सावकाश निसटते, म्हणून आयडलिंगचा दाब थोडा जास्त राहतो. जुन्या ऑइलवर तो या थकलेल्या स्विचच्या १.२ च्या रेषेच्या जरा वर राहत असणार, आणि नव्या ऑइलवर तो जरा खाली आला. बेअरिंगला तो पुरेसा होता, स्विचला नव्हता. दाट ऑइल परत घातले असते तर दिवा गप्प झाला असता, आणि सदोष स्विच तसाच आत राहिला असता.

एका बाबतीत मात्र मला गेजवर थांबायचे नव्हते. चार दिवस वापरलेला तो फिल्टर काढला, डबा कापला आणि कागदाच्या घड्या पांढऱ्या कापडावर पसरून उन्हात न्याहाळल्या. बेअरिंगचा थर खरवडला गेला असता तर तिथे चकाकणाऱ्या चपट्या कणांची भुकटी दिसली असती. थोडी काजळी आणि रबराचा एक तुकडा यापलीकडे तिथे काही नव्हते. जुन्या ऑइलचा जो थर बेअरिंगवर उरला होता त्याने ते पाच सेकंद निभावून नेले होते.

नवा स्विच बसवताना त्याच्या आट्यांच्या मधल्या भागावरच सीलंट लावले आणि टोकाचे दोन-तीन आटे कोरडे ठेवले, म्हणजे सीलंटचा कण ऑइलच्या वाटेत जाणार नाही. टेफ्लॉन टेप मुद्दाम वापरली नाही. या स्विचला अर्थिंग त्याच्या आट्यांतूनच मिळते, आणि जाड टेपने ती तुटली तर गरज पडेल तेव्हा दिवा लागणारच नाही. १५ न्यूटन-मीटरला आवळला, कारण टेपर आटे जास्त आवळले तर इंजिनच्या अ‍ॅल्युमिनियमला तडा जाऊ शकतो. चावी फिरवल्यावर दिवा लागला, सेल्फ मारल्यावर विझला, आणि तासभर चालवून आणल्यावर १२०० आरपीएमला तो विझलेलाच राहिला.

त्यानंतर मी एकदा ऑइल बदलले आहे. या वेळी ते दहा मिनिटे निथळू दिले, फिल्टर आधी भरून घेतला, आणि इंजिन तापल्यावर गेज लावून आकडे गाडीच्या वहीत लिहून ठेवले: १० डब्ल्यू ४०, गरम, १२०० ला १.१, ५००० ला ४.६.